मामांचे बूट आणि अठरा पावलं

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, थोडकं लिहायचं, स्वतःशी खोटं बोलायचं नाही.

निर्णय झाला. फेलोशिप करणार. न्यूरॉलॉजीची शेवटची परीक्षा पास होऊन तीन महिने झाले. सध्या सीनियर रेसिडेंट आहे, तीही मुदत १५ एप्रिलला संपते. पुढे न्यूरॉलॉजीतलाच एक कोपरा धरायचा आणि त्यातच मुरायचं. काल सगळ्या पर्यायांचा शास्त्रीय पद्धतीने विचार केला.

स्ट्रोक. थोर विषय. पण फोन कधीही येतो. मला झोपेची पर्वा नाही, आईची झोपमोड होईल म्हणून नको.

एपिलेप्सी. ईईजीच्या रेघा वाचताना मागच्या वेळी डुलकी लागली होती. रेघाच तशा होत्या.

हेडेक. घरी येऊन पुन्हा तेच.

राहिलं मूव्हमेंट डिसऑर्डर्स. कंप, आखडणं, तोल जाणं, चाल बिघडणं. माणूस दारातून आत येतो आणि खुर्चीत बसायच्या आत त्याचा आजार आपल्याला कळलेला असतो. हे माझं क्षेत्र. नजर टाकताच ओळखणं हा माझा उपजत गुण आहे.

जागा एक, आमच्याच हॉस्पिटलात. मुलाखत ६ एप्रिलला. अर्ज भरला. एका अर्थी जागा भरलीच.

३ मार्च, मंगळवार

घरी सांगितलं. आई शिवणाच्या मशीनवर होती. तिने पाय न थांबवता विचारलं, पास झालीस ना, मग? मी समजावलं की आधी एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम आणि त्यानंतर फेलोशिप. दादा डिलिव्हरीची व्हॅन लावून नुकताच आला होता. त्याने विचारलं की हे संपलं की कॉलेजला कुलूप लावायचं कामही मलाच देणार आहेत का. दुर्लक्ष केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अशा माणसाला एकटेपणा सोसावाच लागतो.

समोरच्या काकूंना आईने सांगितलं, ती अजून शिकतेय. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. होईल पास कधीतरी, म्हणाल्या.

बाबांचं मात्र भलतंच. त्यांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आमच्या दोन खोल्यांच्या खालीच आहे. दुकानाशेजारची खोली रिकामी झाली तशी त्यांनी ती मला न विचारता रंगवून घेतली. माझ्या दवाखान्यासाठी. बोर्डही करायला टाकलाय. वर नाव, खाली तीन डिग्र्या आणि त्याखाली एक ओळ कोरी. शेवटी ठरलं ते असं : फेलोशिप मिळाली तर आणखी दोन वर्षं शिकायचं, कुणी हूं की चूं करायचं नाही. नाही मिळाली तर १६ एप्रिलला खोलीत बसायचं.

लगेच हो म्हटलं. वेळ येणारच नाही. एका बाजूला बाबांची हातोडी, दुसऱ्या बाजूला किल्लीवाल्याची कानस, अशात कुणाचा कंप कंप म्हणून कसा ओळखायचा?

किरकोळ : न्यूरो वॉर्डातल्या मामांनी त्यांचे युनिफॉर्मचे काळे बूट दिले. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, पंचवीस वर्षं स्ट्रेचर ट्रॉली ढकलतायत. उजव्या बुटाचा तळ पुढून झिजून उघडा पडलाय. बाबांचा हात चांगला म्हणून कुणीतरी त्यांना सांगितलंय. उद्याच करून आणते म्हटलं. लॉकरमध्ये ठेवलेत.

५ मार्च, गुरुवार

मुलाखतीची पद्धत कळली. आमच्या विभागप्रमुख, मोठ्या मॅडम, कॉरिडॉरच्या टोकाला खुर्ची टाकून बसतात. त्या टोकापासून या टोकापर्यंत अठरा पावलं. एक पेशंट चालत येतो. उमेदवाराने निदान करायचं. बस्स.

मोठ्या मॅडमनी म्हणे एकदा लिफ्टमध्ये पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाचा आजार त्याच्या मानेवरून ओळखला होता. तो मधल्या मजल्यावर उतरायच्या आत. मला हेच हवंय.

संकल्प : पेशंटला प्रश्न विचारायचे नाहीत, प्रश्न विचारतो तो ज्याला दिसत नाही. चेहऱ्याकडे बघायचं नाही, चेहरे दिशाभूल करतात. फक्त पाय.

माझ्याच बॅचच्या शंकासुरानेही अर्ज केलाय. खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. पेशंटला प्रश्न विचारून विचारून हा पिठासारखा चाळतो. घरात पायऱ्या किती, भाजी कोण आणतं, उशी एक घेता की दोन. एका पेशंटला चाळीस मिनिटं. बाहेर रांग दारातून वळून जिन्यापर्यंत जाते. फार वाईट वाटतं त्याचं. त्याला मदत करणार.

मामांचे बूट : उद्या.

८ मार्च, रविवार. दुपारी १२

बाबांच्या दुकानातल्या बाकावर बसून सराव. एका तासात रस्त्यावरच्या अकरा माणसांचं निदान केलं. पार्किन्सन चार, तोल जाण्याचे तीन, बाकी किरकोळ.

बाबांना सांगितलं, तो बघा, त्याचा डावा हात चालताना हलत नाही, सुरुवात आहे. बाबा म्हणाले की त्याच्या त्या खिशात अंडी असतात, दर रविवारी नेतो. तोल जाणाऱ्या तिघांबद्दल म्हणाले की समोरच्याने आत्ताच पायरी धुतलीय. बाबांच्या हातात कला आहे, पण शास्त्रीय दृष्टी नाही.

त्यांची पद्धत मजेशीर आहे. माणसाकडे बघतच नाहीत. चप्पल हातात घेतात, उलटी करतात आणि तळव्यावरून सांगतात. आज एक जोड उलटा करून म्हणाले, मशीनवर बसतो हा, उजव्या पायाने जोर देतो. गिऱ्हाईक शिंपी निघालं. याला योगायोग म्हणतात, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा जोड उलटा केला.

मामांचे बूट आणायला हा दिवस उत्तम होता. पण बूट हॉस्पिटलात आणि आज रविवार. परिस्थितीपुढे इलाज नाही.

११ मार्च, बुधवार

लायब्ररीतून मूव्हमेंट डिसऑर्डर्सचं मोठं पुस्तक मिळालं. स्टोअरच्या काट्यावर वजन केलं, एक किलो आठशे. बॅगेत पुस्तक तरी मावणार किंवा बूट तरी. ज्ञान आधी.

मामांनी लॉकरजवळ गाठून विचारलं की झाले का. मी म्हटलं, कामात आहेत. खोटं नाही. कामात हा शब्द व्यापक आहे.

१४ मार्च, शनिवार

मेट्रननी आज मामांना सगळ्यांदेखत झापलं. ड्यूटीवर स्लीपर घालून आले म्हणून. मला राहवलं नाही. मध्ये पडले. कष्टकऱ्याची प्रतिष्ठा त्याच्या पायताणावर मोजू नये यावर जवळजवळ पाच मिनिटं बोलले. वॉर्डातले दोन पेशंट उठून बसले. मेट्रननी शांतपणे ऐकून घेतलं आणि मामांना विचारलं की तुमचे बूट गेले कुठे. नेमका तेव्हाच राऊंड सुरू झाला.

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे हे त्यांना आज कळलं असेल.

१७ मार्च, मंगळवार

नजर तयार होतेय याचा पुरावा. लांबून मामा ट्रॉली ढकलत येताना दिसले. पायात कुठलेसे काळे बूट. डावं पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून टाकत होते. क्षणात ओळखलं. बी-ट्वेल्व्हची कमतरता. या वयात होतेच. एक शब्दही विचारावा लागला नाही.

त्यांना तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ते काहीतरी सांगू पाहत होते, मॅडम, ते बूट, असं काहीसं. मी म्हटलं, मामा, बुटांचं सोडा, आधी रक्त द्या.

२० मार्च, शुक्रवार

कँटीनमध्ये शंकासुराची शिकवणी घेतली. प्रश्न विचारणं हे दुबळ्या निरीक्षणाचं लक्षण आहे हे त्याला नीट पटवून दिलं. तो वहीत उतरवून घेत होता. मग म्हणाला, पण पेशंटलाच काही सांगायचं असलं तर? म्हणजे मूळ दुखणं कुठे आहे बघा.

बोलता बोलता बाबांच्या तळव्यांची गंमत सांगितली. मी हसून सांगत होते. तो हसला नाही. दुकान किती वाजता उघडतं, असं विचारलं. यावरही प्रश्नच.

२२ मार्च, रविवार

शंकासुर खरंच आला. दोन तास बाबांसमोर लाकडी पाटावर बसला होता, तीन वेळा चहा झाला. टाच बाहेरून झिजली तर काय, आतून झिजली तर काय, एकच पाय का झिजतो, नवीन बूट असले तर कसं कळणार. बाबांनी गंजलेला पत्र्याचा डबा उघडून त्याला पंधरा वर्षांपूर्वीचे तळवे दाखवले. मला कधी दाखवले नव्हते. मी कधी मागितले नव्हते हे खरं आहे. तो गेल्यावर बाबा म्हणाले, पोरगा बरा आहे, विचारतो तरी.

त्याचा अभ्यासाचा एक अख्खा रविवार वाया गेला. मला अपराधी वाटलं.

मी वर सराव करत होते. दादाला खोलीत पाच वेळा चालायला लावलं. पाच वेगवेगळी निदानं केली, पाचही कारणांसकट. तो म्हणाला की तो पाचही वेळा नुसता चालत होता. त्याला शेवटी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायचं होतं म्हणून तसं म्हणाला असणार.

२५ मार्च, बुधवार

बोर्डवाला आला होता. कोऱ्या ओळीत काय लिहायचं? मी सांगितलं, फेलो, मूव्हमेंट डिसऑर्डर्स. त्याने पट्टी लावली आणि म्हणाला, एवढं बसणार नाही, डॉक्टर जरा छोटा रोग घ्या. बाबा म्हणाले, निकाल १० तारखेला आहे, तोवर कोरीच राहू दे. बोर्डवाल्याने पेन्सिलने हलकंसं लिहून ठेवावं असं मी सुचवलं. बाबांनी पेन्सिल स्वतःच्या कानामागे ठेवून दिली.

माझ्यावर विश्वास नाही असं नाही. त्यांना खोडाखोड आवडत नाही.

२९ मार्च, रविवार

मामांच्या बुटांबद्दल अंतिम निर्णय : मुलाखतीनंतर. आत्ता एकाग्रता भंगते. मामा समजूतदार आहेत. आताशा विचारतही नाहीत. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. लॅबची चूक असणार, पुन्हा करायला सांगितलं. बिचारे पुन्हा रक्त देऊन आले.

५ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७

मन शांत. जेवण गेलं नाही, पण ते शांततेमुळे. आईने माझा पांढरा कोट इस्त्री केला. तो कोट तिने मागच्या बाजूने, कॉलरच्या आत, जरा उसवून पुन्हा शिवलाय. कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी इतका बारीक टाका का घातला, असं विचारलं. ती म्हणाली, तुला दिसला ना.

मी तिला सांगितलं, आई, उद्या जागा आपली. तिने कोट हँगरला लावला आणि त्याच्यावर जुनी साडी पांघरली.

६ एप्रिल, सोमवार. सकाळी ७

दादा व्हॅनमधून सोडणार. मागे बसू नको म्हणाला, मागे फ्रीज आहे. संकल्प मनात पुन्हा म्हटले. प्रश्न नाही. चेहरा नाही. फक्त पाय.

६ एप्रिल, सोमवार. दुपारी ३

झालं. उत्तम. उत्तम हा शब्द मी सहसा वापरत नाही.

सविस्तर लिहून ठेवते, पुढे कधी विद्यार्थ्यांना सांगता येईल.

कॉरिडॉरच्या या टोकाला मोठ्या मॅडम आणि दोन परीक्षक. त्या टोकाला पेशंट. हिरवा गाऊन, टोपी, मास्क. म्हणजे चेहरा बघायचा मोहसुद्धा होणार नाही. पायात काळे बूट. मॅडम म्हणाल्या, हे गृहस्थ आहेत, अर्धा तास आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

मी चार मिनिटं घेतली.

गृहस्थ अठरा पावलं चालले. डावं पाऊल उंच उचलून टाकत. वळताना तीन पावलं जास्तीची. बोटं आत आखडलेली असणार. बुटांमुळे दिसत नव्हती, पण असणार. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. पुस्तकाच्या पाचशे बाराव्या पानावर आहे : एका दुर्मिळ प्रकारात पाऊल पुढे चालताना आखडतं आणि मागे चालताना सुटतं. मी म्हटलं, मागे चाला.

तिसऱ्या पावलाला डावा बूट निघाला. बूट जागेवर राहिला, गृहस्थ मागे गेले. बुटातून वर्तमानपत्राचा बोळा घरंगळत मॅडमच्या खुर्चीपर्यंत गेला. एका परीक्षकांना खोकला आला.

मी विचलित झाले नाही. बोळ्याचा अर्थ लगेच लागला. आखडणाऱ्या बोटांना आधार म्हणून बिचाऱ्याने स्वतःच उपाय शोधला होता. पेशंट किती सोसतात. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज स्थिर ठेवला. निदान सांगितलं : डाव्या पावलाचा डिस्टोनिया, बहुधा आनुवंशिक. मेंदूचा एमआरआय, जनुकीय तपासणी, घराण्यातल्या सगळ्यांची रक्तं, गरज पडल्यास मेंदूत इलेक्ट्रोड.

मॅडमनी विचारलं, पेशंटला काही विचारायचंय का. मी म्हटलं, नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. सापळा. मी दुसऱ्यांदाही नाही म्हटलं.

गृहस्थ एका पायात बूट, एका पायात मोजा असे खाली मान घालून उभे होते. निघताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. इलेक्ट्रोडने हादरले असतील. मी धीर देणारं हसले.

७ एप्रिल, मंगळवार

शंकासुर आत अठ्ठावीस मिनिटं होता. बाहेर बाकावर बसून मी मोजली. मध्येच आतून हसण्याचा आवाज आला. त्याची थट्टा झाली असणार. आज कँटीनमध्ये त्याला चहा पाजला आणि म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस. तो काहीतरी सांगणार होता. मी हाताने थांबवलं. दुखऱ्या माणसाला बोलतं करू नये.

घरी दोन वर्षांचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. दादाने खाली लहान अक्षरात लिहिलं, कॉलेजची चावी परत करणे.

१० एप्रिल, शुक्रवार

शंकासुर.

१० एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६

लिहायचं नव्हतं. पण पहिल्या दिवशी ठरवलंय, खोटं बोलायचं नाही.

यादीत एकच नाव होतं आणि ते त्याचं खरं नाव असल्यामुळे मला ओळखायला वेळ लागला. नंतर मोठ्या मॅडमनी उरलेल्या उमेदवारांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. मी चौथी.

मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या की ठरलेला पेशंट त्या दिवशी आलाच नाही. सकाळी वॉर्डातले एक मामा लंगडत ट्रॉली नेताना दिसले, म्हणून त्यांनाच गाऊन घालून उभं केलं. आजार कुठलाच नाही.

मी ग्लास खाली ठेवला.

पाचपैकी चार जणांनी काही ना काही आजार काढला, म्हणाल्या. माझा सगळ्यांत महागडा होता. आणि शंकासुराने त्यांना चालायला सांगायच्या आधी खाली वाकून बूट बघितले आणि विचारलं, हे बूट तुमचेच का?

मॅडमनी मामांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. "नाही साहेब, मेव्हण्याचे आहेत. दोन नंबर मोठे. डाव्यात कागद घातलाय. माझे बूट एका डॉक्टरबाईंकडे दुरुस्तीला दिलेत, पाच आठवडे झाले. फार कामात असतात त्या."

नाव विचारलं तेव्हा म्हणे त्यांनी सांगितलं नाही. लक्षात नाही म्हणाले. ज्या वॉर्डात मी रोज त्यांच्या ट्रॉलीला वाट करून देते, त्या वॉर्डातल्या मामांना माझं नाव आठवलं नाही.

मॅडमनी विचारलं, "कोण असतील या डॉक्टरबाई? कल्पना आहे?"

मी म्हटलं, "शोध घेते."

"घ्या," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती लिफ्टची गोष्ट सगळे सांगतात. त्या माणसाला मी विचारलं होतं, मान का धरलीय. त्यानेच सांगितलं."

उठले तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं. शंकासुर म्हणाला की बूट बघायला त्याला दुरुस्तीच्या दुकानातल्या एका काकांनी शिकवलंय. त्या काकांना नव्या बॅचसमोर तासभर बोलायला बोलवायचंय. दुकान मला माहीत असेल असं तो म्हणाला.

माहीत आहे, म्हटलं.

११ एप्रिल, शनिवार

बूट बॅगेत घालून आणले. पुस्तक लॉकरमध्ये ठेवलं. जागा भरपूर झाली.

बाबांनी निकालाबद्दल काहीच विचारलं नाही. आईने सांगितलं असणार. त्यांनी उजवा बूट उलटा केला, पुढच्या टोकावर अंगठा फिरवला.

"हा माणूस काहीतरी जड ढकलतो," म्हणाले. "आणि ते उजव्या पायाने थांबवतो. विचार त्याला, ब्रेक बिघडलाय का."

त्यांनी तळ खरवडला, नवा तुकडा बसवला, कडेने टाके घातले, टोकाला जाड रबर लावलं. घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं. पाच आठवडे आणि अकरा मिनिटं.

मग कानामागची पेन्सिल काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "ओळ कोरीच ठेवू. पुढच्या वर्षी पुन्हा बस. तोवर खोलीत बस."

आई वर होती. मी गेले तेव्हा तिने भिंतीवरचं वेळापत्रक काढून, फाडून न टाकता, गुंडाळी करून कपाटावर ठेवलं होतं. समोरच्या काकूंना तिने काय सांगितलं माहीत नाही. काकूंनी आज माझ्या पाठीवरून हात फिरवला.

१३ एप्रिल, सोमवार

मामांना बूट दिले. द्यायच्या आधी विचारलं, ट्रॉलीचा ब्रेक बिघडलाय का. मामा चकित झाले. चार महिने झाले, म्हणाले, दोनदा तक्रार दिली, उताराला पाय लावून थांबवतो. ब्रेकची तक्रार मी स्वतः लिहून मेंटेनन्सला नेऊन दिली. लॉकरमध्ये ठेवली नाही.

मामांनी बूट घातले आणि कॉरिडॉरमध्ये चालून दाखवलं. मी मुद्दाम वर, चेहऱ्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं इथे आहेत. भुवया पांढऱ्या झाल्यात त्यांच्या. मला माहीत नव्हतं.

माफी मागायला सुरुवात केली. जरा लांबली असावी, कारण त्यांनी मध्येच ट्रॉली धरली.

"त्यात काय मॅडम," म्हणाले. "मला विचारलं असतंत, तर तिथेच सांगितलं असतं."

१६ एप्रिल, गुरुवार. सकाळी ११

दवाखान्याचा पहिला दिवस.

संकल्प : प्रत्येकाला आधी विचारायचं, मग बघायचं. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघायचं. आजचं काम आजच. खरं सांगायचं तर मी या आठवड्यात मुळापासून बदलले आहे. असा बदल फार कमी लोकांना जमतो.

बोर्ड लागला. नाव, तीन डिग्र्या, एक कोरी ओळ. किल्लीवाल्याने विचारलं की उरलेल्या जागेत त्याची जाहिरात बसेल का.

बाबा नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत सहा जुने तळवे घेऊन न्यूरॉलॉजी विभागात व्याख्यानाला गेलेत. दुकानाच्या फळीवर खडूने लिहून गेलेत, मी हॉस्पिटलात आहे. वाचून आत्तापर्यंत चार जण तब्येतीची चौकशी करून गेले. माझ्याकडे तेवढेच आले.

बाबांना न्यायला सकाळी शंकासुर आला होता. पायरी उतरताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. बाबांची घाई होती, म्हणून तो दादाच्या स्लीपर घालून गेला आणि स्वतःची चप्पल माझ्या हातात देऊन गेला. काका आले की द्याल का, म्हणाला.

दुकान माझ्या खुर्चीपासून सात पावलांवर. टेबलाखाली ठेवलीय. उद्या नक्की.